चोवीस शेंगदाणे
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



रेडिओ लागलाय म्हणून तुमच्यातली कुणी रिकामी बसली असेल, असं आम्हाला वाटत नाही. कुणाचे हात पिठात असतील, कुणी धार काढायला निघाली असेल, कुणी कांद्याच्या वाफ्यात वाकलेली असेल आणि मोबाइल बांधावर ठेवून ऐकत असेल. तसंच ऐका. आजचं बोलणं त्या वाकलेल्या पाठीबद्दलच आहे.

आम्ही निफाड तालुक्यातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बाराजणी. द्राक्ष आणि कांदा ही आमची दोन पिकं, आणि त्यांच्याच तालावर आमचं वर्ष चालतं. दिवाळीनंतरची एक बैठक होती. बचत जमा झाली, वही लिहून झाली. आमच्या सचिवताईंनी सहज विचारलं, "काल दिवसभरात स्वतःसाठी कोण किती वेळ बसलं?" कुणी बोलेना. मग एक काकू म्हणाल्या, "बसले की! एसटीत बसले होते, दवाखान्यात जाताना." सगळ्या हसलो. हसून झाल्यावर मात्र कुणाला पुढं काही सुचेना.

त्या दिवसापासून होळीपर्यंत आमच्या गटानं जे करून पाहिलं, ते आज तुम्हाला सांगतो. त्यातलं काही जमलं, काही फसलं. दोन्ही सांगतो.

आधी मोजलं

पुढच्या बैठकीला सचिवताई पिशवीभर शेंगदाणे घेऊन आल्या. प्रत्येकीच्या ओंजळीत मोजून चोवीस दिले. एक शेंगदाणा म्हणजे एक तास. मग ओट्यावर खडूनं गोल काढले. एक झोपेचा. एक स्वयंपाक, धुणंभांडी आणि पाण्याचा. एक शेताचा किंवा मजुरीचा. एक जनावरांचा. एक मुलांचा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा. एक पाहुणे, देवधर्म आणि कार्यक्रमांचा. आणि शेवटचा गोल 'माझा वेळ'.

"कालचा दिवस आठवा आणि शेंगदाणे ठेवा," ताई म्हणाल्या.

सोपं वाटलं, पण बसलो तशी भांडणंच लागली. भाजी निवडता निवडता मुलाचा अभ्यास घेतला, तो शेंगदाणा कुठं ठेवायचा? सासूबाईंचे पाय चेपताना उद्याच्या मजुरांचे फोन केले, तो तास कुणाचा? एकीचे शेंगदाणे संपले आणि कामं उरली. तिनं शेजारणीकडं आणखी चार मागितले. त्यावर सगळ्या म्हणाल्या, "अगं, दिवस चोवीसच तासांचा आहे, उसने कुठून आणणार?"

तेव्हा लक्षात आलं, की उसनेच तर आणतोय आपण. झोपेतून आणतोय. बाराजणींपैकी आठजणींच्या झोपेच्या गोलात सहा किंवा त्याहून कमी शेंगदाणे होते. 'माझा वेळ' या गोलात फक्त एकीनं एक शेंगदाणा ठेवला होता. तोही तिनं लगेच उचलून तोंडात टाकला. म्हणाली, "खाऊन टाकते बाई, नाहीतर हाही कुणीतरी मागेल."

हे काही आमच्या एका गावाचं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर घरोघरी जाऊन लोक आपला वेळ कशात घालवतात ते विचारलं. सहा वर्षांवरच्या ज्या माणसांनी त्या दिवशी घरकाम केलं, त्यांची सरासरी काढली. २०२४ मध्ये बायकांची आली दिवसाला २८९ मिनिटं, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. पुरुषांची आली ८८ मिनिटं, म्हणजे जेमतेम दीड तास. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांचं घरकाम दहा मिनिटांनी कमी झालं, पण पुरुषांचंही नऊ मिनिटांनी कमी झालं. म्हणजे आपलं ओझं कुणी आपल्या खांद्यावरून उचलून घेतलं, असं काही दिसत नाही.

आपण सोसायटीत दूध घातलं तर त्याची पावती मिळते. कांदा विकला तर हिशेबपट्टी मिळते. या पावणेपाच तासांची पावती कुणी देत नाही. म्हणून ते मोजलेच जात नाहीत, आणि मोजले नाहीत तर कमी कसे करणार? आमची पहिली शिकवण हीच. मन शांत करायच्या गोष्टी नंतर. आधी शेंगदाणे मोजा.

आपल्याकडं धावपळ येते कुठून?

मोजल्यावर कारणं दिसायला लागली.

पहिलं कारण पिकाचं. द्राक्षबागेला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी. गोडी छाटणी झाली की काम थांबतच नाही. फूट काढा, घडांची विरळणी करा, घड औषधात बुडवा, आणि जानेवारीपासून तोडणी. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड त्याच वेळी येते. एक वाफा झाला की दुसरा, दिवसभर वाकून. मार्च-एप्रिलमध्ये कांदा काढणी, आणि तेव्हाच लग्नसराई. पीक थांबत नाही आणि मुहूर्तही थांबत नाही.

दुसरं कारण पाण्याचं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर बायका हंडे घेऊन विहिरी धुंडाळतात. तिथल्या मैत्रिणी मजुरीसाठी आमच्याकडच्या बागांमध्ये येतात. पहाटे पाणी भरायचं, मग गाडीत बसून बागेत यायचं, आणि अंधार पडल्यावर घरी पोहोचून चूल पेटवायची. त्यांना जाऊन "मन शांत ठेवा" असं कोण सांगणार?

तिसरं कारण हप्त्यांचं. त्याच्याबद्दल पुढं बोलतो.

आणि चौथं कारण 'लोक काय म्हणतील' याचं. आम्ही प्रामाणिकपणे मोजलं, तर सगळ्यात जास्त शेंगदाणे याच कारणानं खाल्ले होते.

इगतपुरीची गोष्ट

शांततेचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात इगतपुरीचं नाव निघतंच. तिथं धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र आहे. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशात शिकलेली ही साधना १९६९ पासून भारतात शिकवायला सुरुवात केली. इगतपुरीच्या केंद्रात १९७६ पासून शिबिरं भरतात. शिबिर दहा दिवसांचं, त्याची फी घेत नाहीत. पहाटे चारला घंटा होते. मोबाइल आधीच जमा करून घेतात. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. सुरुवातीचे दिवस फक्त आपला श्वास नाकाशी येतो-जातो, तेवढंच बघत बसायचं.

आमच्या गटातल्या एकीची नणंद तिथं जाऊन आली होती. शहरात राहते, नोकरी करते. ती बैठकीला आली आणि तिनं सगळं सांगितलं. पहिले तीन दिवस पाय दुखले, रडू आलं, पळून यावंसं वाटलं. नंतर हळूहळू डोक्यातला गोंधळ कमी झाला. आम्ही मन लावून ऐकलं. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी एकच प्रश्न विचारला, "आणि स्वयंपाक कोण करत होतं?"

नणंदबाई म्हणाल्या, "तिथले सेवक करतात. आपण फक्त ताट घेऊन जायचं."

मावशी म्हणाल्या, "मग बाई, निम्मी शांती तिथंच आली."

यात चेष्टा नाही. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं. आमच्यातल्या दोघींच्या मनात आजही आहे. पण मावशींच्या बोलण्यातलं खरं आम्ही धरून ठेवलं. त्या दहा दिवसांत माणसाला शिकवतात ते खरंच, पण त्याआधी त्याच्यावरचं ओझं उतरवून ठेवतात. जेवण दुसरं कुणी करतं, फोन दुसऱ्याकडं असतो, पाहुणा येत नाही, निर्णय घ्यावा लागत नाही. मग आपण घरीच राहून, दहा दिवस नाही तर दिवसाचा एक तास तरी असा मोकळा करू शकतो का, हा आमचा पुढचा प्रश्न झाला.

कांद्यासारखी निवड

उत्तर चाळीत सापडलं. उन्हाळ कांदा चाळीत भरायच्या आधी आपण सगळा एकत्र ओततो का? नाही. निवडतो. चांगला सुकलेला, बारीक मानेचा कांदा चाळीत जातो. गोल्टी वेगळी. जोड कांदा, डेंगळा, मार लागलेला कांदा टिकणार नाही, म्हणून आधी काढून टाकायचा. सडका तर आत ठेवायचाच नाही, कारण तो शेजारच्या दहांना घेऊन जातो.

तसे आम्ही कामांचे चार ढीग केले. पहिला, मीच करायचं असं काम. दुसरा, घरात वाटून द्यायचं काम. तिसरा, गटानं मिळून करायचं काम. चौथा, सोडून द्यायचं काम. प्रत्येकीनं आपली कामं चिठ्ठ्यांवर लिहिली. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी दुसरीनं लिहिली. आणि एकेक चिठ्ठी ढिगात टाकायला लागलो. आता उलट्या क्रमानं सांगतो, कारण चौथा ढीगच सगळ्यात अवघड गेला.

सोडून द्यायचं काम

सोडायचं म्हटल्यावर पहिली चिठ्ठी निघाली मानपानाच्या साड्यांची. लग्नात तुम्ही मला द्यायची, मी तुम्हाला द्यायची. दोघींनाही ती नेसायची नसते. कपाटात घडी घालून ठेवायची आणि पुढच्या लग्नात तिसरीला द्यायची. त्यासाठी बाजारात दोन दिवस, पैसे वेगळे, आणि कुणाला हलकी गेली म्हणून रुसवे वेगळे.

नाशिकमध्ये गोदाकाठी गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि खापर घेऊन हा माणूस गावोगाव फिरला. १९५६ साली गेला. आयुष्यभर कीर्तनातून सांगत राहिला, की कर्ज काढून सण-लग्न करू नका, तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा. आपण त्यांच्या नावानं गाव झाडतो, पण लग्नातला खर्च काही झाडून काढत नाही.

आम्ही ठरवलं, की गटातल्या बाराजणी एकमेकींच्या घरच्या कार्यात साडी देणार नाही आणि घेणारही नाही. गटाकडून ठरावीक रक्कम एका पाकिटात. बारा घरांनी एकदम ठरवलं म्हणून ते निभावलं. एकटीनं ठरवलं असतं तर तिला कंजूष म्हटलं असतं. साधेपणा एकटीनं करायचा तर धाडस लागतं, बाराजणींनी केला तर ती रीत होते. आपल्या भागात साखरपुड्यातच लग्न उरकून घेणारी घरंही काही कमी नाहीत, आणि त्यांना आता कुणी नावं ठेवत नाही.

पण या ढिगानं आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. एका सुनेनं चिठ्ठी टाकली, 'उन्हाळ्यातलं वाळवण'. पापड, कुरडया, शेवया. "बाजारात सगळं मिळतं, कशाला मरायचं उन्हात?" तिचं खरं होतं. तर दोन मावशी उसळल्याच. म्हणाल्या, "वाळवण सोडू नको. वर्षभरात तेवढंच तर गच्चीवर बसून गप्पा मारायला मिळतात!" त्यांचंही खरं होतं.

शेवटी ठरलं असं, की ज्यांना आवडतं त्यांनी एका गच्चीवर मिळून करायचं, आणि ज्यांना नको त्यांनी त्यांच्याकडून विकत घ्यायचं. म्हणजे एकीला सडका वाटणारा कांदा दुसरीच्या चाळीतला सगळ्यात चांगला असू शकतो. कुठलं काम सोडायचं, हे आम्ही तुम्हाला सांगणार नाही. ज्या कामानं थकूनही बरं वाटतं, ते ठेवा. ज्यानं फक्त दुसऱ्याचं तोंड बंद होतं, ते सोडा.

मिळून करायचं काम

यात आपल्याला नवं काही शिकायचं नाही. सावड आणि इर्जिक हे शब्द आपल्या आजीच्या तोंडचे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. आम्ही तीच सावड घरकामात आणली. बँकेत आणि रेशन दुकानात बाराजणींनी बारा खेपा घालण्याऐवजी, जिथं चालतं तिथं दोघींनी जाऊन सगळ्यांची चौकशी करून यायची. अंगणवाडी सुटल्यावर तोडणीच्या दिवसांत एकीनं सहा पोरं सांभाळायची, आळीपाळीनं. जिची पाळी तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बाकीच्यांनी मिळून तिला ती द्यायची. हे आधी ठरवलं नव्हतं, आणि पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. तुम्ही आधीच ठरवा.

आता हप्त्यांचं सांगतो. आमच्यातल्या एकीच्या घरात महिन्याला साधारण पंधरा हजार यायचे. गटाचं कर्ज होतं, शिवाय तीन खाजगी कंपन्यांची. हप्ते मिळून आठ हजारांच्या वर. एक फेडायला दुसरं काढलेलं. नवऱ्याला दोनच माहीत होती. वसुलीवाला कधी रात्री साडेआठला दारात. ती आम्हाला म्हणायची, "काम कमी आहे माझ्याकडं, पण डोक्यात सारखी चक्की चालते." शेंगदाण्यांच्या खेळात तिची झोप सात तास दिसत होती. खरं तर ती तीन तास आढ्याकडं बघत पडलेली असायची.

तिनं हे बोलायला दोन महिने लावले. बोलली, तेव्हा आम्ही नियम शोधले. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेल्या कर्जाला ते लागतात. कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. म्हणजे पंधरा हजारांच्या घरात साडेसात हजार ही हद्द. आणि सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करायला मनाई आहे. धमकी, शिवीगाळ तर नाहीच नाही. हे कळल्यावर तिनं वसुलीवाल्याला शांतपणे सांगितलं, "सहाच्या आत या." तो पुढच्या वेळी चार वाजता आला.

कर्ज त्यानं फिटलं नाही. ते फेडायलाच लागणार. पण गटानं तिला अंतर्गत कर्ज देऊन त्यातलं सगळ्यात लहान कर्ज एकदम बंद केलं. गटाचं व्याज गटातच राहतं. नवऱ्याला समोर बसवून चारही कर्जं एका वहीत लिहिली. एक संपल्याशिवाय नवं नाही, असं दोघांनी ठरवलं. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब, ही आपली पंचसूत्री आपण तोंडपाठ म्हणतो. तिच्यामुळं रात्रीची झोपही येते, हे आम्हाला त्या मैत्रिणीनं शिकवलं.

घरात वाटून द्यायचं काम

इथं आम्ही सगळ्यात जास्त आपटलो. एकीनं थोरल्या मुलाला पाणी भरायला आणि स्वतःचं ताट घासायला सांगितलं. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. दुसरीच्या मालकांनी चहा करायला सुरुवात केली, पण ओटा असा करून ठेवायचे की तिला दुप्पट पुसायला लागायचं. ती म्हणाली, "राहू द्या, मीच करते." आणि चहा पुन्हा तिच्याकडं आला. हे आपल्याही अंगात आहे. दुसऱ्यानं केलेलं मनासारखं झालं नाही की आपण ते परत ओढून घेतो. दोन महिने ओटा मळका राहिला तरी चालेल, हे सोसायला शिकावं लागतं.

एक उपाय लागू पडला. "मला मदत करा" असं म्हणायचं नाही. एक काम पूर्ण द्यायचं. रात्रीचं पाणी भरणं हे मुलाचं. म्हशीचं संध्याकाळचं वैरणपाणी हे मालकांचं. आठवण करून द्यायची नाही. कारण सगळ्यांना आठवण करून देणं हेही एक कामच आहे, आणि तेच डोक्याला सगळ्यात जास्त थकवतं.

ही गोष्ट नाशिक जिल्ह्याला नवी नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं मोठं अधिवेशन भरलं होतं. शरद जोशी यांच्या संघटनेतल्या बाया गावोगावहून आल्या होत्या. शेतात आणि घरात राबणाऱ्या बाईच्या कष्टाचं मोल काय, हा प्रश्न तिथं उघड्या मैदानात विचारला गेला. पुढं त्याच संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या, असं शेतकऱ्यांना सांगितलं, आणि कित्येकांनी दिला.

साधेपणाशी याचा संबंध काय? आहे. ज्या घरात बाईचं नाव सातबाऱ्यावर आहे, हिशोब तिच्यासमोर होतो, त्या घरात ती "यंदा एवढी लागवड नको, माणसं मिळणार नाहीत" असं म्हणू शकते. जिला विचारतच नाहीत, तिनं काय सोपं करायचं? तिच्या हातात फक्त आपली झोप कमी करणं उरतं.

मीच करायचं काम

पहिल्या ढिगात शेवटी थोड्याच चिठ्ठ्या उरल्या. त्यात आम्ही तीन नव्या लिहून टाकल्या. झोप. गरम जेवण. आणि एक शेंगदाणा.

तो एक तास सलग मिळायलाच हवा असं नाही. कुणी अर्धा तास ओट्यावर नुसती बसते. कुणी हरिपाठाला जाते. एकीनं शिवण पुन्हा काढलं. एक जण दुपारी फोन डब्यात ठेवते आणि वीस मिनिटं आडवी होते. ज्यांना जमतं त्या झोपायच्या आधी डोळे मिटून दहा श्वास सावकाश मोजतात. मन पळालं तर पुन्हा एकपासून. त्याला पैसे लागत नाहीत, जागा लागत नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळा थकवा धावपळीचा नसतो. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दर दोघींत एक. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढं अंधारी येते, तर श्वास मोजत बसू नका. आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासा आणि सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या संपवा. आमच्या गटात पाचजणींचं कमी निघालं. त्यातल्या एकीला आम्ही दोन वर्षं 'आळशी' म्हणत होतो. तिची माफी मागितली.

तसंच दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास आहे, कशातच गोडी वाटत नाही, जगणं नको वाटतं, तर तो साधेपणानं सुटणारा प्रश्न नाही. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर चोवीस तास फुकट बोलता येतं. आणि घरात मारहाण असेल तर १८१. तिथं शांत राहायचं नसतं, मदत मागायची असते.

होळीला पुन्हा मोजलं

होळीच्या आठवड्यात सचिवताई परत शेंगदाणे घेऊन आल्या. तोडणी चालू होती, म्हणून आम्हाला वाटलं काहीच बदललं नसणार. सातजणींच्या 'माझा वेळ' या गोलात एक शेंगदाणा होता. तिघींकडं अर्धा. दोघींचा गोल रिकामाच.

त्या दोघींपैकी एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांना सोडून तिला अंगणातही बसता येत नाही. आम्ही चिठ्ठ्यांचे ढीग केले, कांद्याच्या गोष्टी केल्या, पण तिच्याकडं सोडायला काही नव्हतंच. तेव्हापासून दर रविवारी दुपारी आमच्यातली एक जण तिच्या घरी जाऊन सासूबाईंजवळ दोन तास बसते. पहिल्या रविवारी ती कुठं गेली असेल? कुठंही नाही. आतल्या खोलीत जाऊन झोपली. उठली तेव्हा म्हणाली, "किती दिवसांनी कुणी उठवलं नाही मला."

दुसरी एकटी आहे, दोन मुली आणि मजुरी. तिच्यासाठी काय करायचं ते आमचं अजून ठरलेलं नाही. येत्या बैठकीत तोच विषय आहे.

तुमच्या गटात हे करून बघायचं असेल, तर बैठकीत या गोष्टी घ्या:

१. प्रत्येकीला चोवीस शेंगदाणे, मणी किंवा खडे द्या आणि कालचा दिवस मांडा. कुणाचा चुकला म्हणून हसू नका.

२. प्रत्येकीनं सोडायचं एक काम सांगावं. ते सगळ्यांनी मिळून सोडता येईल का, ते बघा.

३. घरात पूर्णपणे दुसऱ्याला द्यायचं एक काम ठरवा. एक महिना परत घेऊ नका.

४. सगळ्या कर्जांचे हप्ते एका वहीत लिहा. उत्पन्नाच्या निम्म्यावर जातात का ते तपासा.

५. जिचा गोल रिकामा राहील, तिच्यासाठी गट काय करू शकतो, हे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वेळ बोला.

आणि बैठक संपल्यावर शेंगदाणे वाया घालवू नका. आम्ही थोडा गूळ घेतो, गोल करून बसतो आणि खातो. घरी जायची कुणालाच घाई नसते.

येतो आम्ही. नमस्कार.